मिस्तरींच्या फळीवरची रिकामी बाटली

मला आयुष्यात एकाच माणसानं फसवलं, आणि त्या फसवणुकीचे त्यानं पैसेसुद्धा घेतले नाहीत. घेतले असते तर मी निदान घासाघीस तरी केली असती.

मी मोसंबीचा व्यापारी. केदारखेड्याहून जालन्याला आलो तेव्हा अंगातला शर्टही थोरल्या भावाचा होता. आज माझा स्वतःचा गाळा आहे. ढिगावर नुसता हात फिरवून आतलं फळ किती कोरडं निघेल ते मी सांगतो. शेतकरी, आडत्या, ट्रकवाला, यांतल्या कुणी मला गुंडाळलं असं मोंढ्यात, आमच्या बाजारात, कोणी म्हणणार नाही. आणि वडीगोद्रीच्या एका मिस्तरींनी मला दीड वर्ष गुंडाळून ठेवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणूनच लिहायला बसलोय.

ज्या आडत्याकडे मी पोती उचलली, त्याची एक मोतिया रंगाची अँबेसिडर होती. रोज सकाळी ती पुसायचं काम माझं. पुसायची बाहेरून, दार उघडायचं नाही. पुढं त्याची मुलं शहरात गेली, गाडी गोदामामागे बाभळीखाली गेली, आणि मी ती विकत घेतली. इंजिन संपलेलं होतं. लोक म्हणाले, भंगारात घाल. मी मागून ठोकलेल्या एका गाडीचं चांगलं इंजिन मिळवलं. नव्या पद्धतीचं, कार्बोरेटर नसलेलं. त्यात पेट्रोल दाबानं फवारून आत जातं. ते इंजिन बसवायला जालन्यात पाच जण तयार होते. पण बसवल्यावर त्याला पेट्रोल पाजायचं कसं, असं विचारलं की पाचही जण "बघू की" म्हणायचे. "बघू की" म्हणणाऱ्याला मी माल देत नाही, गाडी कशी देईन?

मग कुणीतरी वडीगोद्रीचं नाव सांगितलं. हायवेला लागून पत्र्याचं दुकान, समोर कडुनिंब. मिस्तरी आधी मोसंबीच्या बागांत ठिबकच्या नळ्या टाकायचे, नंतर डिझेल पंपाच्या कामात शिरले, आणि शेवटी फक्त एवढंच करायला लागले: टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट. इंजिनाला ते हातसुद्धा लावत नसत. "इंजिन म्हंजे झाड," म्हणायचे. "झाडाला काय बघायचं? मुळाशी पानी पोचून राह्यलं का, ते बघायचं."

मी गाडी टोचन करून ओढत नेली. मिस्तरींनी बॉनेटकडं पाहिलंही नाही. सरळ मागं गेले, टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. मी मोसंबीच्या देठाचा वास घेतो, अगदी तसा.

"शेट, हिच्या पोटात पंधरा वर्साचं पाप हाय."

टाकीच्या तळाचं त्यांनी एका काचेच्या बाटलीत काढलं. चहासारखं लाल. झाकण घट्ट लावलं, चिकटपट्टीवर माझं नाव लिहिलं आणि दुकानातल्या अंधाऱ्या फळीवर ठेवून दिलं. तिथं पंचवीस-तीस बाटल्या होत्या, प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचं नाव. कुणाच्या तळाशी गंज, कुणाच्या पाणी, कुणाच्या काळा चिखल. येणारे-जाणारे त्या बाटल्या बघून लोकांची लायकी ठरवायचे. "सरपंचाच्या बाटलीत बघा किती माती," वगैरे.

"तीन दिवस बोलू द्या तिला," मिस्तरी म्हणाले.

"कुणाला?"

"बाटलीला."

त्या फळीमुळं दुकानात विडीला बंदी होती. विडी ओढायची तर रस्ता ओलांडून पलीकडच्या बाभळीखाली जायचं. एकदा एक फौजदार सिगारेट घेऊन आत आला. मिस्तरींनी त्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली, पलीकडच्या बाभळीच्या बुंध्याशी ठेवून आले आणि म्हणाले, "सायेब, तुमची वस्तू तिथं हाय." फौजदार रस्ता ओलांडून गेला.

फळीच्या टोकाला एक बाटली मात्र कोरी होती. धुतलेली, रिकामी, पण नाव लिहिलेलं. जालन्याच्या एका रिटायर डॉक्टरांचं. त्यांच्या वडिलांची जुनी विलायती गाडी बंगल्यात ताडपत्रीखाली उभी होती, तिलाही इंजिन बदलायचं होतं. मिस्तरी जालन्याला आले की तिथं जायचे, ताडपत्री उचलून खालून बघायचे, पुन्हा झाकायचे. डॉक्टर म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. म्हणून मिस्तरींनी बाटली आधीच ठेवली होती.

"अशी टाकी पुन्ना न्हाई व्हायची, शेट. तांब्याची नळी हाय तिच्यात, कारखान्याच्या हातची. येवढं एक काम झालं की मंग दुकान बंद झालं तरी चालतंय," ते मला म्हणाले होते. हे वाक्य मी ध्यानात ठेवायला हवं होतं.

भावाचं सांगतो. माझी एक पद्धत आहे. भाव ऐकायचा, हसायचं, उठायचं, चप्पल घालायची. दुसऱ्या चपलेपर्यंत मोंढ्यात कोणी टिकत नाही. मिस्तरींनी आकडा सांगितला. मी हसलो. उठलो.

"पाय बराबर ठिवा. तिथं खिळे हायेत."

मी चप्पल घातली. रस्त्यापर्यंत गेलो. मागं वळून बघितलं तर ते एका नळीत फुंकर मारून तिच्यातून आभाळाकडं बघत होते. मी आपणहून परत आलो.

"काही कमी?"

"काम कमी करू का?"

"नाही."

"मंग?"

ते "मंग" मला अजून ऐकू येतं.

पण मी सोडणारा नव्हे. दाबाची खास नळी फार महाग होती. मी घरून फवारणीच्या पंपाची नळी घेऊन गेलो. तिच्यावर दाब लिहिलेला होता, गाडीला लागतो त्याच्या तिप्पट. म्हटलं, हीच लावा, बागेत दहा वर्षं फुटली नाही. मिस्तरींनी नळी हातात घेतली, बोटभर तुकडा कापला आणि माझ्या नावाच्या बाटलीत टाकून दिला. आठ दिवसांनी गेलो तर बाटली माझ्या पुढ्यात ठेवली. आतला तुकडा पाण्यात पडलेल्या पावासारखा फुगला होता.

"फवारणीचं औषध वायलं, पेट्रोल वायलं. आताचं पेट्रोल तर रबर खातंय," एवढंच म्हणाले. मी महागाची नळी आणून दिली.

टाकी त्यांनी उघडून आतून घासली. तिच्या शेजारी तांब्याएवढी एक छोटी टाकी बसवली, म्हणजे चढाला किंवा वळणाला पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप हवा ओढणार नाही. विजेचा पंप, दोन गाळण्या, आणि इंजिनापासून मागं येणारी एक परतीची नळी. ही परतीची नळी कशाला, म्हणून मी वाद घातला. एवढं पेट्रोल तिकडं पाठवायचं आणि परत आणायचं, हा कुठला व्यवहार?

"पंप देतोय भरपूर. इंजिन पितंय थोडं. बाकीचं जाईल कुठं? परत गेलं पायजे टाकीत. परतीची वाट न्हाई ठिवली की दाब वाढतोय, मंग कुठंतरी फुटतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्यात ती नळी बसवायची देवाकडनं ऱ्हायली."

माझं डोकं फिरलं. मी पाव तास आरडाओरडा केला. त्यांच्या सात पिढ्या, त्यांचं पत्र्याचं दुकान, त्यांच्या बाटल्या, सगळं काढलं. ते गाडीखाली आडवे पडून क्लिप आवळत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा खालून आवाज आला.

"झालं? आता धरा हे टोक."

मी टोक धरलं.

त्या दिवशी बायको सोबत होती. कडुनिंबाखाली बाजेवर बसली होती. ती धावडा गावची, आणि मिस्तरी मूळचे धावड्याचेच निघाले. त्यामुळं ते तिला ताई म्हणायचे, ती त्यांना भाऊ. मी आत टोक धरून उभा असताना बाहेर दोघांचं बोलणं चाललं होतं. मला वाटलं, गावाकडचं चाललं असेल, कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं.

गाडी तयार झाली तरी त्यांनी एक दिवस दिली नाही. काचा चढवून, दारं लावून ठेवली. सकाळी मला बोलावून दार उघडलं, आत डोकं घातलं, डोळे मिटून वास घेतला. पेट्रोलचा थेंबभरही वास नव्हता. "नाकानं पास झाली," म्हणाले आणि चावी दिली. ज्या गाडीचं दार उघडायची मला परवानगी नव्हती, तिच्यात मी मालक म्हणून बसलो. बायको शेजारी. अंबडच्या रस्त्याला गाडी अशी पळाली की आडत्या दुकानासमोर ज्या खुर्चीत बसून माझं पुसणं बघायचा, ती आठवून मला हसू आलं.

हसू अंबडपर्यंतच टिकलं. पुढं उसाच्या ट्रॉलीवाल्यानं वाट दिली नाही. मी हॉर्न दिला, काच खाली करून त्याच्या आईवरून सुरुवात केली, गाडी त्याच्या चाकाला घासेल इतकी जवळ नेली. आणि गाडी तीनदा खोकली आणि बंद पडली. मी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, शिव्या घातल्या. परत येऊन चावी फिरवली तर काही झालंच नाही अशी सुरू.

तिथून दीड वर्ष हेच. कधी टोलनाक्यावर, कधी जालन्यात नो पार्किंगवरून वाद चालू असताना. तीन खोकले, बंद. दहा मिनिटांनी सुरू. मी वडीगोद्रीला पळायचो. मिस्तरी दर वेळी सगळं उघडायचे, दाब मोजायचे, परतीचं पेट्रोल लोट्यात सोडून बघायचे.

"लाईन चांगली हाय, शेट."

"चांगली आहे तर बंद का पडते? एकटा असलो की पडत नाही, बायको बसली की पडते. तुम्ही टाकीचा तोल एका माणसाच्या वजनावर धरलाय!"

"तसंबी आसंल," ते म्हणायचे. एकदा मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की तुमच्या हातात आता दम राहिला नाही. तेव्हा त्यांचे कान लाल झाले. फळीकडं बघत राहिले.

मग मी बोलत सुटलो. हायवेवरचा एक ढाबा, एक पंप, एक चहाची टपरी ठेवली नाही. मिस्तरींचं काम कच्चं, हे मी मोंढ्यातही सांगितलं. आणि एक दिवस त्या डॉक्टरांनी मला विचारलं. त्यांनी अखेर मनावर घेतलं होतं. "तुमची गाडी त्यांनीच केली ना? कशी आहे?"

त्या क्षणी मला ती कोरी बाटली आठवली. खरं सांगतो, आठवली. तरी मी म्हणालो, "भरवशाची नाही. मोठ्या शहरात द्या."

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या बंगल्यावरून दुपारचा जेवायला घरी येत होतो, तर ताडपत्री काढलेली डॉक्टरांची गाडी ट्रकवर चढत होती. घरी आलो आणि बायकोला मोठ्या खुशीत सांगितलं, "तुझ्या गाववाल्याचं गिऱ्हाईक मोडलं आज. डॉक्टरची गाडी शहरात गेली. मीच सांगितलं."

ती भाकरी भाजत होती. तिनं गॅस बंद केला.

"चला."

"कुठं?"

"गाडीत बसा."

बसलो. गल्लीच्या बाहेर मोकळा रस्ता लागल्यावर ती म्हणाली, "आता वरडा."

"काय?"

"वरडा म्हनते ना माझ्यावर. रोज वरडता तसं."

"डोकं फिरलं का तुझं? भर दुपारी जेवण सोडून..."

मी ओरडतच होतो. ती जरा वाकली, सीटखाली हात घातला. गाडी तीनदा खोकली आणि बंद पडली.

तिनं सीटखालून वायरच्या टोकाला लटकणारं एक काळं गोल बटण बाहेर काढून मला दाखवलं. एकदा दाबलं की पंप बंद, पुन्हा दाबलं की चालू. ते दाखवताना तिनं दुसऱ्या हातानं दाराची कडी धरून ठेवली होती. मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही. तरी धरली होती.

"मीच सांगितलं भाऊंना बसवायला," ती म्हणाली. "ही गाडी घ्यायच्या आधी तुमी एका ट्रकच्या मागं लागून जीप नाल्यात घातली आन् माझा खांदा मोडला, तवापासून मी गाडीत जीव मुठीत धरून बसते. भाऊ म्हनले, ह्या गाडीचा ब्रेक पायाच्या जोरावर लागतो, स्टेरिंग हाताच्या जोरावर फिरतं, इंजिन बंद झालं तरी गाडी हातातून जात न्हाई. तुमी मोंढ्यात असताना मला बोलावून मोकळ्या रस्त्यावर तीनदा करून दाखवलं, मंगच बसवलं. मीच शपथ घातली, ह्यांना सांगू नका म्हनून. तुमी त्यांना काय काय बोलले, मी ऐकत गेले. पर हे न्हाई व्हायला पायजे होतं."

मी जेवलो नाही. आधी डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "अहो, तुम्हीच तर सांगितलं. आता गाडीही गेली आणि शब्दही दिला." शब्दाचं म्हटल्यावर मी चप्पल घातली.

तिथून वडीगोद्री. मिस्तरी बाटल्या धूत होते. माझं तोंड बघूनच त्यांना समजलं.

"दाखवलं का ताईनं?"

"तुमच्या तोंडावर तुमच्या कामाला शिव्या घातल्या मी. साऱ्या रस्त्यानं घातल्या. डॉक्टरची गाडी माझ्यामुळं गेली. तुम्ही एका शब्दानं बोलला असतात तर!"

"बोललो असतो तर बटन ऱ्हायलं असतं का जाग्यावर? तुमी त्याच दिवशी तोडून फेकलं असतं."

"पण तुमचं नाव गेलं ना!"

"गावची लेक काय मागंल तर न्हाई म्हनता येत न्हाई, शेट. आन् ती काय साडी मागून राह्यली होती का?" त्यांनी बाटली उपडी ठेवली. "तीनदा खोकली म्हंजे काम बराबर झालं. पंप बंद केला की लाईनमधला दाब तेवढाच ऱ्हातो. मी येताजाता तुमच्याकडून ऐकायचो, तीन खोकले, तीन खोकले. बरं वाटायचं."

मी पाकीट काढलं. "बटणाचे किती?"

"त्याचं काय न्हाई."

मी नोटा फळीवर ठेवल्या. त्यांनी बघितलं नाही. मी आणखी ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा काही मागत नसताना मी भाव वाढवत होतो.

"उचला ते," मिस्तरी म्हणाले. "आन् चप्पल घाला. खिळे हायेत."

"मग ते बटण तरी काढून टाका."

"काढतो की. ताईला इचारून या."

ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

त्यानंतर मी जिथं जिथं बोललो होतो तिथं तिथं जाऊन उलटं बोललो. गाडी चांगली आहे, लाईन चांगली आहे, बायको बंद पाडत होती. लोक पोट धरून हसले. मोंढ्यात मला अजून "बटणशेट" म्हणतात. पण पहिली गोष्ट सगळ्यांनी मानली होती. दुसरी निम्म्यांनीच मानली. डॉक्टरांची गाडी शहरातून चालत आली. मिस्तरी एकदा जाऊन खालून बघून आले. मी विचारलं, कशी आहे? "चांगली केली," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तांब्याची नळी काढून टाकली रे त्यांनी." एवढ्या वर्षांत त्यांनी मला "रे" म्हटलं ते तेवढ्या एकाच वेळी.

मागच्या वर्षी मिस्तरी गेले. त्यांच्या मुलानं दुकान टायरवाल्याला दिलं. मी गेलो तेव्हा फळी रिकामी करणं चाललं होतं. मी डॉक्टरांच्या नावाची बाटली मागितली.

"काका, ती रिकामीच हाय. काय करता तिचं?"

मी ती शर्टाच्या टोकानं पुसून घेतली.

बाटली शेजारच्या सीटवर ठेवून परत निघालो. एकटाच होतो. शहागडकडून येणाऱ्या एका ट्रकनं हायवेच्या तोंडाशी मला असं दाबलं की गाडी कच्च्यात गेली. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला गेला, काच खाली आली, ट्रकचा नंबर मी पाठ करायला लागलो. बाटली सीटवरून घरंगळली. तिला धरायला म्हणून डावा हात खाली गेला, बाटली सापडली, आणि तिच्या मागं वायरीच्या टोकाचं ते बटण लागलं.

मी दाबलं.

तीनदा खोकली. ट्रक पुढं निघून गेला. गाडी आवाज न करता कडेच्या बाभळीखाली जाऊन थांबली. मी बाटली मांडीवर घेऊन बसलो. रस्त्यावर वाहनं येत-जात होती. "झालं?" असं कुणीतरी विचारेल म्हणून मी बराच वेळ थांबलो होतो.

मग बटण पुन्हा दाबलं आणि चावी फिरवली.